सातपुड्यातली न मोजलेली गाठ

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, आमच्या नंदुरबार-शहादा भागात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आदिवासीला कॅन्सर होत नाही.’ भाषणात येतं, मोबाइलवर फिरतं, शहरातून रानभाज्या महोत्सवाला आलेले पाहुणेही तेच बोलून जातात. ज्वारीची भाकरी, भगर, रानातली भाजी, मोहाची फुलं, डोंगरातलं पाणी, मग रोग येईल कुठून? हे वाक्य विरायच्या आत दुसरं येतं: ‘होत नव्हता, पण आता घराघरात शिरलाय. युरियाने आणला, केळी-कापसावरच्या फवारणीने आणला.’ दोन्ही बाजूंचे लोक तळमळीने बोलतात, त्यात काही माझे जवळचे मित्रही आहेत. पण गेली काही वर्षं हा वाद ऐकताना मला एकच गोष्ट खटकत आली आहे. ‘होत नाही’ म्हणणाऱ्याकडे आकडा नाही आणि ‘वाढला’ म्हणणाऱ्याकडेही नाही. ज्या समाजात किती जणांना कॅन्सर झाला हे कधी कुणी धड मोजलंच नाही, तिथे तो कमी आहे की वाढतोय यावर भांडून उपयोग काय?

माझं म्हणणं सरळ आहे. खान्देशातल्या आदिवासींमध्ये कॅन्सर कमी दिसतो, कारण तो बघणारे डोळे कमी आहेत. खरोखर कमी आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा. त्याचं उत्तर मिळवायचं तर धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांसाठी लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी हवी, म्हणजे त्या भागात राहणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद. ती रुग्णालयाच्या दारात बसून होणार नाही, पाड्यापाड्यावर जाऊनच करावी लागेल. अशी नोंदणी म्हणजे अभ्यासकांची हौस आहे असं मी मानत नाही. नीट केली तर ती उपचाराची पहिली पायरी असते, आणि हे महाराष्ट्रातच एकदा दिसून आलेलं आहे.

आधी ‘होत नाही’ या वाक्याकडे बघू. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० साली आलेला अहवाल २०१२ ते २०१६ या वर्षांतल्या २८ नोंदण्यांवर आधारलेला आहे. त्यात पुरुषांमधला सर्वांत जास्त वयानुरूप दर (म्हणजे कुठे तरुण जास्त, कुठे म्हातारे जास्त, हा फरक वगळून काढलेला नव्या रुग्णांचा वार्षिक दर) मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्याचा आहे, लाखाला २६९.४. स्त्रियांमधला सर्वांत जास्त दर अरुणाचल प्रदेशातल्या पापुम पारे जिल्ह्याचा, लाखाला २१९.८. दोन्ही जिल्हे आदिवासी समाजांचे, डोंगराळ, हिरवेगार. सर्वांत कमी दर कुठला? आपल्याच मराठवाड्यातल्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि बीडचा: पुरुष ३९.५, स्त्रिया ४९.४. म्हणजे देशातला सर्वांत वरचा आकडा आदिवासी भागाचा, आणि सर्वांत खालचा दुष्काळी पठारावरच्या बिगर-आदिवासी बहुसंख्य भागाचा. मिझो माणूस आणि आपल्या सातपुड्यातला पावरा माणूस एक नव्हेत हे मला मान्य आहे. त्यांचं खाणं, हवामान, वंश, सवयी सगळं वेगळं आहे. मिझोरममध्ये तंबाखूच्या धुराचं पाणी तोंडात धरण्याची ‘तुईबुर’ नावाची सवय आहे, ती आपल्याकडे नाही. पण मग ‘आदिवासी’ या एका शब्दाखाली आरोग्याचं एकच विधान कसं करता येईल? भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी यांच्यातही चूल, व्यसन, लग्नाचं वय, शेती आणि स्थलांतर सारखं नाही. मिझोरमच्या आकड्यावरून खान्देशाविषयी काही सिद्ध होत नाही. आदिवासी असणं हे कॅन्सरपासूनचं कवच आहे, ही समजूत मात्र त्याने मोडते.

असली समजूत पूर्वीही एकदा जगभर फिरून आली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर ध्रुवाजवळ जाणारे दर्यावर्दी, मिशनरी आणि जहाजांवरचे डॉक्टर लिहून ठेवत होते की तिथल्या इनुइट लोकांमध्ये कॅन्सर आढळत नाही. निसर्गाजवळ राहणारी माणसं, मासे आणि सीलचं मांस खाणारी, आधुनिकतेचा वारा न लागलेली. पुढे ग्रीनलंड, कॅनडा आणि अलास्कातल्या नोंदी व्यवस्थित होऊ लागल्या, तेव्हा दिसलं की नाकामागच्या घशाचा आणि लाळग्रंथींचा, एरवी जगात दुर्मीळ असलेला कॅन्सर या लोकांत ठळक आहे. त्यानंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक झालं. यातला काही भाग आधीपासून होता आणि दिसत नव्हता. काही भाग तंबाखूबरोबर आणि वाढलेल्या आयुर्मानाबरोबर नव्याने आला. कुठला किती? हे आज कुणीच खात्रीने सांगू शकत नाही, कारण सुरुवातीचा आकडाच नाही. मला खान्देशाविषयी धास्ती वाटते ती हीच. आज आपण मोजलं नाही, तर २०४५ साली शहाद्यात किंवा चोपड्यात कुणी ‘कॅन्सर वाढला का?’ असं विचारलं की आपली नातवंडं पुन्हा असाच भाषणांचा वाद घालत बसतील. ‘वाढ’ या शब्दाला दोन आकडे लागतात, आणि त्यातला पहिला आजच टिपावा लागतो.

आता दुसरी बाजू, फवारणीची. या बाजूचं म्हणणं मी हलकं समजत नाही. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, तापीकाठच्या कापसात आणि पपईत जी औषधं पडतात ती मारणारे हात बहुतेकदा आदिवासी मजुराचे असतात. अंगात सदरा, पायात चप्पल, तोंडाला फार तर रुमाल. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतमजूर दगावले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट, मॅलॅथिऑन आणि डायझिनॉन यांना ‘मानवात कॅन्सर होण्याची शक्यता दाट’ या गटात टाकलं. तेव्हा शंका घ्यायला जागा आहेच. पण शंका म्हणजे निष्कर्ष नव्हे. पंजाबात भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोक ‘कॅन्सर ट्रेन’ म्हणू लागले, पंजाबचा माळवा पट्टा देशातला कॅन्सरचा सर्वांत मोठा अड्डा ठरवला गेला. नंतर चंदीगड, मोहाली, संगरूर आणि मानसा इथे लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदण्या सुरू झाल्या, तेव्हा संगरूर-मानसामधलं एकूण प्रमाण चंदीगड-मोहालीपेक्षा कमी निघालं. याचा अर्थ तिथली कीटकनाशकं निर्दोष सुटली असा नाही. काही विशिष्ट कॅन्सर, उदाहरणार्थ अन्ननलिकेचा आणि गर्भाशयमुखाचा, त्या ग्रामीण भागात तुलनेने ठळक होते. गाडी भरून जात होती, कारण गरिबाला परवडेल असा उपचार जवळ कुठेच नव्हता. ती गर्दी खरी, ते दुःख खरं, पण गर्दीवरून कारण कळत नाही. फवारणी करणाऱ्या मजुराला आज जे हातमोजे, मास्क आणि स्वच्छ पाणी द्यायला हवं, त्यासाठी कॅन्सर सिद्ध होण्याची वाट बघायची काय गरज? विषबाधेचं कारण पुरेसं नाही का? उलट खान्देशातला प्रत्येक कॅन्सर फवारणीच्या माथी मारला, तर तंबाखू, मशेरी, तपकीर आणि सीमेपलीकडून चोरवाटेने येणारा गुटखा आरामात सुटून जातो.

आणि तंबाखूबद्दल आपल्याला बरंच काही निश्चित माहीत आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, त्यातले बहुसंख्य तो खातात किंवा दाताला लावतात. सातपुड्यातल्या कुटुंबांनी उन्हाळ्यात वेचलेलं तेंदूचं पान कारखान्यात जाऊन विडी होतं आणि आठवडे बाजारातून परत त्यांच्याच हातात येतं. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, तो त्याहून जास्त चढतो. ‘निसर्गाजवळचं जीवन’ ही एकसंध गोष्ट नाही. लवकर झालेली बाळंतपणं आणि दीर्घकाळ अंगावर पाजणं यांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे पक्कं आहे. पण लहान वयात सुरू झालेला संसार आणि जास्त बाळंतपणं यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हेही तितकंच पक्कं आहे. तीच बाई, तोच संसार, एकीकडे राखण, दुसरीकडे धोका. मुंबईत डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या नोंदणीने हेच दुसऱ्या टोकाकडून दाखवलं: पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर इतर समाजांपेक्षा बराच जास्त, गर्भाशयमुखाचा कमी. उशिरा लग्नं, कमी मुलं. मूठभर लोकसंख्येचा समाज, पण १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्याधारित नोंदणी मुंबईत उभी राहिली आणि तिच्यात धर्माचा, समाजाचा रकाना होता, म्हणून हे कळलं. पारशी बाईबद्दल जे साठ वर्षांत कळलं, ते पावरा बाईबद्दल आपल्याला आज का ठाऊक नाही?

उत्तर भूगोलात आहे. वर सांगितलेल्या २८ नोंदण्यांत महाराष्ट्रातलं मुंबई आहे, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आहे, उस्मानाबाद-बीड आहे. खान्देश नाही. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती, त्यात अनुसूचित जमातींचे लोक ६९ टक्के. धुळ्यात ते ३१ टक्क्यांच्या वर, जळगावात १४ टक्के. तिन्ही जिल्हे मिळून एकोणऐंशी लाख माणसं. आता साधा हिशेब करा. देशात सर्वांत कमी आढळलेला उस्मानाबाद-बीडचा दर जरी नंदुरबारला लावला, तरी वर्षाला सातशेच्या आसपास नवे रुग्ण होतात. वयानुरूप दर असा थेट लावता येत नाही, आणि इथली लोकसंख्या तरुण असल्याने आकडा खाली येईल, हे कबूल. निम्मा धरा. तरी एका जिल्ह्यात दरवर्षी साडेतीनशे माणसं. ती कुठे आहेत?

त्यातली काही मला शहाद्याच्या एसटी स्टँडवर दिसलेली आहेत. आश्रमशाळेत शिकवायचो तेव्हा सोमवारच्या गाडीला धडगावकडे जाताना एक पावरा जोडपं भेटलं. बाईच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात जाडजूड फाइल. नवऱ्याने मला ती वाचायला दिली. सगळी गुजरातीत. सुरतेकडे ऊसतोडीला गेले असताना तिला रक्तस्राव झाला, तिथल्याच सरकारी दवाखान्यात दाखवलं, तपासणी झाली, पुढे शेक (रेडिएशन) घ्यायला सांगितला होता. हंगाम संपला, मुकादमाची गाडी परत निघाली, ही दोघंही परत निघाली. मला गुजराती जेमतेम येतं, पण निदानाची ओळ समजली. पुढच्या वर्षी त्यांच्या पाड्यावरचा एक विद्यार्थी म्हणाला, ती पावसाळ्यात गेली. कशाने? तो म्हणाला, ‘पोटात गाठ होती.’ आमच्या घरी अहिराणीत अशा मरणाला दोनच शब्द होते, ‘गाठ व्हयनी’, आणि तिथे चौकशी संपायची. ती बाई नोंदली गेली असेलच तर गुजरातच्या कुठल्यातरी रुग्णालयाच्या वहीत, परराज्यातली रुग्ण म्हणून. महाराष्ट्राच्या हिशेबात ती नाही. देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या मृत्यूंना डॉक्टरने लिहिलेलं कारण असतं. अक्कलकुव्याच्या डोंगरात, नर्मदाकाठच्या पाड्यांवर हा हिस्सा किती उरत असेल याची कल्पना करा. कुणी सुरतेला जातं, कुणी बडोद्याला, कुणी इंदूरला, कुणी नाशिक-मुंबईला, आणि बरेच जण भगताच्या ओट्यापलीकडे जातच नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो गंभीर आहे. ज्या धडगाव-अक्कलकुव्यात कुपोषणाने मुलं जातात, बाळंतिणीला झोळीतून खाली आणावं लागतं, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आणि क्षय ठाण मांडून आहेत, तिथे कॅन्सरची नोंदणी ही चैन नाही का? एका डॉक्टर मित्राने मला हे ऐकवलं, आणि काही क्षण मला उत्तर सुचलं नाही. पण याच यादीतल्या सिकलसेलकडे बघा. सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, पोर सारखं आजारी पडतं. पिढ्यान्‌पिढ्या याला नाव नव्हतं. भिल्ल आणि पावरा वस्त्यांत रक्त तपासायला सुरुवात झाली तेव्हा रुग्णांचा आकडा ‘वाढला’. रोग वाढला नव्हता, नजर आली होती. त्या आकड्यामुळेच गोळ्या आल्या, समुपदेशन आलं, १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम आली. मोजण्याआधी सिकलसेलही ‘प्राधान्याचा’ नव्हता. जे मोजलंच नाही ते प्राधान्यक्रमात येणार कसं? गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली प्रसिद्ध केलं की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आहेत. तोवर त्या गावांत स्त्रीरोग नव्हते का? विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: उपचार नाही तर नुसतं मोजून काय करणार? आदिवासींना मोजण्याचा इतिहास काही चांगला नाही. खान्देशात १८२५ साली जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल कोअर ही भिल्लांची पलटण उभारली. पुढे १८७१ च्या गुन्हेगारी जमाती कायद्याने देशभरातल्या कितीतरी जमातींना पोलिसांच्या हजेरीत अडकवलं. सरकारी वहीत नाव चढणं म्हणजे संकट, ही भीती उगाच नाही. वैद्यकातही तेच. अमेरिकेतल्या हवासुपाई जमातीने मधुमेहासाठी दिलेलं रक्त त्यांना न विचारता इतर संशोधनासाठी वापरलं गेलं, विद्यापीठाला २०१० मध्ये तडजोड करून भरपाई द्यावी लागली. त्याच वर्षी आपल्याकडे खम्मम आणि बडोदा जिल्ह्यांतल्या, बऱ्याचशा आदिवासी, मुलींवरचा एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) लशीचा प्रकल्प थांबवावा लागला, आणि संसदीय समितीने संमती कशा घेतल्या यावर कडक ताशेरे ओढले. खुद्द उस्मानाबादेत १,३१,७४६ स्त्रियांचा जो मोठा अभ्यास झाला, त्याने सिद्ध केलं की तिशी ते साठीदरम्यान एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या टप्प्यातले कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. जगाला त्याचा फायदा झाला. पण तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या ३१ हजारांवर स्त्रियांची तपासणी झाली नाही, यावर झालेली टीका मला योग्य वाटते. अशा रीतीने खान्देशात कुणी येणार असेल, तर मीच पहिला विरोध करीन.

मग तरीही नोंदणी का? कारण बार्शी. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. बी. एम. नेने यांच्यापुढे नेमका आपलाच प्रश्न होता: लोक दवाखान्यात येतच नाहीत, तर मोजायचं कुणाला? त्यांनी वही रुग्णालयात ठेवली नाही. कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणं समजावून सांगितली, कुणाला गाठ आहे, अंगावरून जातंय, तोंडात न भरणारी जखम आहे हे विचारलं आणि त्या माणसाला तपासणीपर्यंत आणलं. काही वर्षांतच दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या आहेत. तोवर तिथे मोठी तपासणी मोहीम झालेली नव्हती. नोंदीसाठी दारात आलेल्या माणसाशी झालेल्या बोलण्यानेच हा फरक पडला होता. म्हणून ‘आधी उपचार, मग मोजणी’ हा क्रम मला पटत नाही. पाड्यावर गेलेली नोंदणी आणि उपचाराची वाट या एकाच पायवाटेच्या दोन बाजू आहेत, फक्त वहीबरोबर गाडी, चिठ्ठी आणि दवाखान्यात ओळखीचा माणूस गेला पाहिजे. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पन्नास वर्षांपूर्वी हे म्हणता आलं नसतं.

मात्र ती वही कुणाची, हे आधी ठरायला हवं. माझ्या मते तिच्यात जमातीचा आणि बोलीचा रकाना हवा, नाहीतर नंदुरबार शहरातला व्यापारी आणि तोरणमाळचा शेतकरी एका सरासरीत विरघळून जातील आणि पुन्हा काहीच कळणार नाही. हा रकाना असेल तर त्याची मालकीही ग्रामसभेला समजेल अशी हवी. दर वर्षी आकडा पावरी-भिलीत गावात वाचून दाखवायचा, रक्त किंवा पेशींचा नमुना दुसऱ्या कामाला वापरायचा तर पुन्हा विचारायचं, कुणाचं नाव बाहेर जाणार नाही. गुजरातशी लेखी करार हवा, म्हणजे सुरत-बडोद्याच्या वहीतला खान्देशी रुग्ण इकडे कळेल. मध्य प्रदेशाशीही, कारण खेतिया आणि सेंधव्याकडे जाणारे लोक कमी नाहीत. नोंदणीचे कार्यकर्ते त्या पाड्यांतलेच हवेत. बाईशी बोलायला बाई हवी. आणि एचपीव्हीचा नमुना बाई स्वतःचा स्वतः घेऊ शकते, त्यामुळे डोंगरात टेबल आणि पडद्याशिवायही काम होऊ शकतं, हे आशाताईंना शिकवायला फार दिवस लागत नाहीत.

वेळही नीट निवडली पाहिजे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले पाडे रिकामे असतात, त्या महिन्यांत गेलेला सर्वेक्षक म्हाताऱ्यांना आणि पोरांना मोजून परत येतो आणि लिहितो, ‘रुग्ण आढळले नाहीत.’ माणसं परततात ती होळीला. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला सगळी वाट फुलते, काठी गावच्या होळीला तर सुरतेच्या शेतातलं पोरगंही कसंही करून पोचतं. धडगाव आणि मोलगीच्या पाड्यांवर पहिली फेरी निघायची तर ती त्या पंधरवड्यात निघावी, बाजाराच्या कडेला चटई टाकून, आणि जी गुजराती फाइल पिशवीतून बाहेर येईल ती तिथल्या तिथे वाचू शकेल असं एक माणूस सोबत घेऊन.